पिव्हटला ओप देताना : घड्याळजीचे टेबल, बर्निशर आणि जॅकॉट यांची नवशिक्यांसाठी ओळख

घड्याळ उघडणे, साफ करणे, तेल देणे आणि पुन्हा जोडणे इथपर्यंत हात बसला की एक अडचण हमखास समोर येते. सगळे भाग स्वच्छ आहेत, मेनस्प्रिंग (घड्याळाला शक्ती देणारी मुख्य स्प्रिंग) नवी आहे, तेल योग्य जागी आणि बेताने दिलेले आहे, तरीही बॅलन्स, म्हणजे पुढेमागे झोके घेऊन वेळ राखणारे चक्र, भरून झोका घेत नाही किंवा घड्याळ पालथे ठेवले की मंदावते. अशा वेळी पुष्कळदा दोष पिव्हटमध्ये सापडतो. पिव्हट म्हणजे चक्राच्या आसाचे दोन्ही बाजूंचे बारीक टोक, जे आधारासाठी बसवलेल्या माणकाच्या भोकात फिरते. मनगटी घड्याळात बॅलन्स स्टाफचे, म्हणजे बॅलन्सच्या आसाचे पिव्हट साधारण ०.०७ ते ०.१२ मिलिमीटर जाडीचे असतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या आसपास. गाडीच्या, म्हणजे मधल्या चक्रांचे पिव्हट त्यांहून काहीसे जाड असतात. तासाला १८,००० ठोके देणाऱ्या घड्याळाचा बॅलन्स दिवसाला ४,३२,००० झोके घेतो आणि त्या प्रत्येक झोक्याचा भार याच टोकांवर असतो. पिव्हटवर डोळ्यांना न दिसणारी एक चरी असली, तरी ती प्रत्येक झोक्यात थोडी शक्ती खाते.

पिव्हट दुरुस्त करण्याचे जे जुने तंत्र स्वित्झर्लंड आणि इंग्लंडच्या घड्याळजींनी घडवले, ते आजही हाताने करण्याचे तंत्र आहे आणि घरच्या टेबलावर शिकता येते. माझे मत असे, की या कामात हात कसबी असण्याआधी तो टेकलेला असावा लागतो आणि ओप देणाऱ्या हत्याराचा, म्हणजे बर्निशरचा, पृष्ठभाग तयार असावा लागतो. बहुतेक पिव्हट बिघडतात ते हात कापल्यामुळे किंवा बर्निशर नीट तयार न केल्यामुळे, आणि या दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त घड्याळ उघडण्यापूर्वी करता येतो. म्हणून सुरुवात टेबलापासून करतो.

टेबलाची उंची

स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगराळ भागात, ल शो-द-फों आणि ल लोक्ल या गावांत आणि त्यांच्या आसपासच्या शेतघरांत, घड्याळाचे सुटे भाग घरोघरी बनत असत. कोणी फक्त चक्रे कापी, कोणी फक्त पिव्हट घडवी, आणि एक व्यापारी ते सगळे गोळा करून घड्याळ जुळवून घेई. त्या घरांना खिडक्यांची सलग रांग असे आणि तिला लागून लांब टेबल असे. ल शो-द-फों गाव १७९४च्या आगीत जळाल्यावर पुढे सरळ, समांतर रस्त्यांच्या आखणीवर उभे राहिले आणि या आखणीमुळे घराघरात उजेड पोहोचला. या दोन्ही गावांना २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्या टेबलांच्या रचनेत नंतर फारसा फरक पडलेला नाही, कारण ती रचना माणसाच्या शरीराच्या मापावरून आलेली आहे.

घड्याळजीचे टेबल लिहिण्याच्या टेबलापेक्षा बरेच उंच असते. लिहिण्याचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर असते, तर घड्याळजीचे ९० ते १०० सेंटिमीटर. योग्य उंची ठरवण्यासाठी नेहमीच्या खुर्चीत पाठ ताठ ठेवून बसावे. टेबलाची कड काखेच्या किंचित खाली यावी, दोन्ही कोपरे आणि पुढचे हात टेबलावर पूर्ण टेकावेत, आणि मान फारशी न वाकवता डोळा कामापासून आठ-दहा सेंटिमीटरवर यावा. कोपर अधांतरी असले तर खांद्याचा प्रत्येक लहानसा थरकाप बोटांपर्यंत उतरतो; कोपर टेकलेले असले तर फक्त मनगट आणि बोटे हलतात. आपल्याकडे अनेक दुकानांत काचेच्या कपाटाच्या वरच्या पाटावर वाकून काम करण्याची पद्धत आहे. सेल बदलणे किंवा पट्टा बसवणे तसे जमते, पण पिव्हटचे काम त्या बैठकीत जमत नाही आणि मानेचे दुखणे मात्र कायमचे मागे लागते.

नवे टेबल करून घेण्याची घाई नको. नेहमीच्या टेबलावर वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीचा, जड आणि न डगमगणारा लाकडी चौथरा सुताराकडून करून घेतला तरी सुरुवातीला पुरतो; फक्त त्याची रुंदी दोन्ही कोपरे मावतील इतकी असावी. स्वतंत्र टेबल करणार असाल तर वरची फळी सागाची किंवा तत्सम घट्ट लाकडाची, तीन-चार सेंटिमीटर जाडीची घ्यावी आणि पाय आडव्या पट्ट्यांनी बांधून घ्यावेत. टेबलाला धक्का दिल्यावर वर ठेवलेल्या पेल्यातले पाणी थरथरत राहिले, तर ते टेबल पिव्हटसाठी अजून तयार नाही असे समजावे.

टेबलाच्या तीन बाजूंना बोटभर उंचीची पट्टी असावी, म्हणजे घरंगळलेला स्क्रू खाली जाणार नाही. पुढच्या बाजूला, मांडीच्या वर, ओढून बाहेर काढता येईल असा कापड ताणलेला उथळ खण असतो. चिमट्यातून उडालेला भाग त्यात पडतो. हा खण नसेल तर टेबलाच्या कडेला टाचलेले पांढरे कापड कमरेला बांधावे. काम तेच होते. वरचा पृष्ठभाग फिका, निस्तेज आणि एकरंगी असावा. फिकट हिरवा किंवा दुधी रंग डोळ्यांना सुखाचा असतो आणि त्यावर पोलादाचा तुकडा चटकन दिसतो. सनमायका चकचकीत असेल तर त्यावर मॅट कागद चिकटवावा.

उजेड, वारा आणि दमट हवा

युरोपातल्या सल्ल्यानुसार टेबल उत्तरेच्या खिडकीशी लावावे, कारण तिथे उत्तरेकडून थेट ऊन फारसे येत नाही. महाराष्ट्रात हा सल्ला जसाच्या तसा घेता येत नाही. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यही उत्तरेकडे कललेला असतो आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येते. खिडकी उत्तरेचीच निवडावी, मात्र तिला पातळ पांढरा पडदा लावावा. रात्री काम करायचे असेल तर दुधी काचेचा एकच लांबट दिवा डाव्या बाजूने समोर घ्यावा. एकाच दिव्याचा आग्रह यासाठी, की पिव्हटचा ओप त्याच्यावर पडलेल्या उजेडाच्या रेषेवरून ओळखायचा असतो. चार दिवे असले तर चार रेषा दिसतात आणि काहीच वाचता येत नाही.

छताचा पंखा बंद ठेवावा. धूळ आणि हलके भाग दोन्ही त्याने उडतात. उकाड्यात हे कठीण आहे, पण घामेजलेल्या बोटांवर रबरी टोप्या चढवल्या म्हणजे निदान घामाचा खार पोलादाला लागत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पोलादी बर्निशर उघडा राहिला तर एका रात्रीत त्यावर गंजाचे ठिपके येऊ शकतात, आणि असा ठिपका पडलेला बर्निशर पुन्हा तयार केल्याशिवाय पिव्हटला लावू नये. हत्यारे तेलाचा हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

हत्यारांची ओळख

आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायची भिंगे, दोन असावेत : नेहमीच्या कामासाठी तीन-चार पट मोठे दाखवणारा आणि पिव्हट तपासण्यासाठी दहा पट मोठे दाखवणारा. टेबलाच्या कडेला पक्का बसणारा लहान शेगडा (व्हाइस) लागतो. त्याच्या जबड्यांना पितळी पत्र्याचे अस्तर लावावे. बारीक टोकाचा पोलादी चिमटा, एक पितळी चिमटा, शतांश मिलिमीटर मोजणारा मायक्रोमीटर, टोकदार केलेल्या लाकडी काड्या आणि एल्डर झाडाच्या फांदीतला मऊ गाभा, ज्यात पिव्हट खुपसून पुसतात, एवढी जोडसामग्री पुरे.

मुख्य हत्यारे दोन. पहिले बर्निशर. सोनाराची ओपणी जे काम सोन्यावर करते तेच हा पोलादावर करतो : खरवडत नाही, दाबतो. तो कठीण केलेल्या पोलादाची लांबट, चपटी पट्टी असतो. पुष्कळदा एका टोकाला अतिबारीक कानस आणि दुसऱ्या टोकाला बर्निशर अशी जोडी एकाच दांड्यावर असते. त्याची एक कड थोडी तिरकी केलेली असते, म्हणजे पिव्हटवर टेकवल्यावर ती खांद्याला, म्हणजे जिथे बारीक टोक संपून जाड आस सुरू होतो त्या पायरीला, नेमकी भिडते. डाव्या आणि उजव्या बाजूच्या कामासाठी वेगवेगळ्या कडा असतात, म्हणून घेताना ते पाहून घ्यावे. गाडीच्या चक्रांचे पिव्हट दंडगोल असतात आणि त्यांचा खांदा काटकोनात असतो. त्यांना धारदार कोपऱ्याचा बर्निशर लागतो. बॅलन्सचे पिव्हट मुळाशी तुतारीसारखे रुंदावत जातात. त्यांना गोलावलेल्या कडेचा बर्निशर लागतो. या दोन्हींची अदलाबदल केली तर दंडगोल पिव्हटचा खांदा गोलावतो आणि बॅलन्सच्या पिव्हटच्या मुळाशी चरी पडते. तो तिथेच मोडतो.

दुसरे हत्यार जॅकॉट. त्याच्या आधी टर्न्स नावाचे लहान हातयंत्र होते. त्यात दोन्ही बाजूंना न फिरणारी टोके, मध्ये आस, आसावर एक छोटी कप्पी आणि कप्पीभोवती घोड्याच्या केसाची दोरी गुंडाळलेली धनुकली असे. धनुकली खालीवर ओढली की आस पुढेमागे फिरे. इंग्लंडमध्ये लँकेशरमधले प्रेस्कॉट गाव अशा हत्यारांसाठी आणि घड्याळाच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध होते, आणि जवळच्या वॉरिंग्टनच्या पीटर स्टब्स यांच्या कानशी अठराव्या शतकाच्या अखेरीस दूरदूरच्या घड्याळजींकडे पोहोचल्या होत्या. जॅकॉट हे त्याच जातीचे, पण फक्त पिव्हटसाठी केलेले हत्यार आहे. डाव्या बाजूला खोलगट टोक आणि एक कप्पी असते. कप्पीची छोटी पिन चक्राच्या आऱ्याला ढकलून चक्र फिरवते. उजव्या बाजूला एक लहान ढोल असतो, ज्याच्या कडेवर वेगवेगळ्या मापांच्या खाचा कोरलेल्या असतात. पिव्हट त्यातल्या एका खाचेत आडवा निजतो आणि त्याचा वरचा भाग खाचेबाहेर राहतो. त्या उघड्या भागावर बर्निशर चालतो. खालून खाचेचा पूर्ण आधार मिळाल्यामुळे इतका बारीक पिव्हट दाब सहन करतो. नव्या जॅकॉटांना धनुकलीऐवजी हातचाकही असते. मला नवशिक्यासाठी धनुकली अधिक बरी वाटते, कारण दोरीतून पिव्हटचा अडथळा डाव्या हाताला जाणवतो. हातचाकाच्या दातांमधून तो तितकासा पोहोचत नाही.

जुने जॅकॉट घेताना ढोल दहापटीच्या आयग्लासखाली नीट पाहावा. खाचांत गंज किंवा ओरखडे असतील तर ते प्रत्येक पिव्हटवर उमटतील. ज्याच्या खाचा गेल्या ते जॅकॉट कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

इथे एक इशारा आवश्यक आहे. हातात धरायच्या छोट्या विजेच्या यंत्राला फेल्टचे चाक लावून त्यावर पॉलिश पेस्ट घेऊन पिव्हट चमकवण्याचा प्रकार बराच चालतो. त्याने चमक येते, पण पिव्हटचा गोलपणा आणि खांद्याची कड दोन्ही जातात, शिवाय पेस्टमधले कण पोलादात रुतून बसतात आणि पुढे माणकाच्या भोकात जाऊन घासत राहतात. इंग्लिश घड्याळजीही पावडरीने ओप देत, पण ते आधी तेलदगडाची भुकटी, मग घंटेच्या धातूच्या पट्टीवर लोहभस्माची लाल पावडर अशा क्रमाने, प्रत्येक टप्प्यानंतर कसून सफाई करून देत. नवशिक्याने बर्निशरचीच वाट धरावी. त्याचा फायदा केवळ चमकेचा नाही. दाबामुळे पोलादाचा वरचा थर घट्ट आणि अधिक कठीण होतो, त्यामुळे पिव्हट कमी झिजतो.

काम सुरू करण्यापूर्वीची तपासणी

सरावासाठी चालू घड्याळ घेऊ नये. बंगळुरूच्या एचएमटीने १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने जी चावीची घड्याळे केली, त्यांची सुटी, निकामी यंत्रे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अजूनही मिळतात. त्यांतले तिसरे चक्र पहिल्या सरावाला योग्य आहे, कारण त्याचे पिव्हट फार नाजूक नसतात आणि चुकला तरी नुकसान नाही. एस्केप व्हील (गाडीतले शेवटचे, बॅलन्सच्या लयीत सुटत जाणारे चक्र) आणि बॅलन्स शेवटी हाती घ्यावेत.

चक्र पेट्रोल किंवा बेंझिनमध्ये (पेट्रोलसारखा विद्रावक; विषारी बेंझीन नव्हे) धुऊन, गाभ्यात खुपसून, पूर्ण कोरडे करावे. बेंझिन वापरताना खिडकी उघडी आणि ज्योत दूर असावी. मग दहापटीच्या आयग्लासखाली पिव्हट उजेडासमोर हळूहळू फिरवून पाहावा. वाळलेले तेल तपकिरी डागासारखे दिसते आणि ते नुसत्या सफाईने जाते. त्याला झीज समजून बर्निशर लावू नये. खरी झीज म्हणजे पिव्हटभोवती फिरलेल्या रेषा, बाजूने पाहिल्यास दिसणारा खोलगट गळा, टोकाला पसरलेली भोवरी आणि गंजाचे खड्डे. रेषा आणि हलका गळा बर्निशरने दुरुस्त होतो. गंजाचे खड्डे खोल असतील, किंवा गळा इतका असेल की तो सपाट करताना पिव्हट भोकात सैल होईल, तर ओप देण्यात अर्थ नाही; स्टाफ किंवा पूर्ण बॅलन्स कम्प्लीट बदलावा.

हे ठरवण्यासाठी मोजमाप लागते. पिव्हट खांद्याजवळ, मध्ये आणि टोकाजवळ अशा तीन ठिकाणी मोजून आकडे लिहून ठेवावेत. बॅलन्सचा पिव्हट भोकापेक्षा साधारण शतांश मिलिमीटरने बारीक असतो, म्हणजे काढून टाकायला जवळजवळ काहीच शिल्लक नसते. ओप देताना पिव्हटचे माप मायक्रोमीटरवर जेमतेम कळेल इतकेच बदलावे. वाकलेल्या पिव्हटवर कधीही बर्निशर चालवू नये. तो वाकडाच झिजतो.

बर्निशर तयार करणे

या पायरीला घाई केली तर पुढचे सगळे फुकट जाते. नव्या बर्निशरचा पृष्ठभाग गुळगुळीत असला तरी तो तसाच वापरायचा नसतो. त्यावर अतिबारीक, समांतर आणि पट्टीच्या लांबीला काटकोनात असलेल्या रेषा असाव्या लागतात. पुढे बर्निशर पिव्हटवर आडवा चालतो तेव्हा या रेषा पोलादाला हलकेच पकडतात, त्याचे उंचवटे दाबतात आणि समतल करतात. रेषा नसल्या तर बर्निशर पिव्हटवरून नुसता घसरतो. त्या लांबीच्या दिशेने असल्या तर पिव्हटवर नव्या चऱ्या पाडतो.

जुन्या कारखान्यांत यासाठी शिशाची सपाट लादी, तिच्यावर एमरीची पूड आणि तेल वापरत. घरी जाड काचेवर ४०० किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तेच साधते. काच टेबलावर घट्ट बसवावी, पेपरवर तेलाचे थेंब टाकावेत, बर्निशर पूर्ण सपाट ठेवून त्याच्या लांबीला काटकोनात, एकाच दिशेने ओढावा आणि उचलून परत आणावा. मागेपुढे घासू नये; परतीच्या ओढीत पट्टी डोलते आणि तिचा पृष्ठभाग मध्ये फुगतो. दोन्ही हातांच्या बोटांनी दाब सारखा ठेवावा. आयग्लासखाली सगळ्या रेषा एकसारख्या दिसेपर्यंत हे करावे, मग कडेकडे पाहावे : कड अखंड आणि स्वच्छ असायला हवी. टंगस्टन कार्बाइडचा बर्निशर असेल तर पॉलिश पेपर त्याला लागत नाही. त्याला हिऱ्याच्या पुडीची पट्टी लागते.

शेवटची गोष्ट सफाई. पेपरचा एखादा कण बर्निशरवर राहिला तर तो पिव्हटवर पहिल्याच ओढीत ओरखडा काढतो. बेंझिनने धुऊन, स्वच्छ सुती कापडाने पुसून, मग आयग्लासखाली पुन्हा पाहून बर्निशर बाजूला ठेवावा. पॉलिश पेपर आणि जॅकॉट एकाच वेळी टेबलावर असू नयेत; पेपर गुंडाळून खणात गेल्यावर आणि टेबल पुसल्यावरच जॅकॉट काढावे.

जॅकॉटवर काम

जॅकॉट शेगड्यात आडवे आणि घट्ट धरावे. उंची अशी असावी, की बर्निशर धरलेल्या उजव्या हाताचे कोपर टेबलावर टेकलेले असताना बर्निशर आपोआप आडवा येईल. पिव्हटचे माप पाहून त्याहून एक, फार तर दोन शतांश लहान मापाची खाच निवडावी. बहुतेक जॅकॉटांवर खाचेचा आकडा शतांश मिलिमीटरमध्ये असतो, ०.१८ मिलिमीटरच्या पिव्हटला १७ची खाच घ्यावी. खाच मोठी असली तर पिव्हट तिच्यात बुडतो आणि बर्निशर नुसता ढोलावर चालतो. फार लहान असली तर पिव्हटला बाजूंचा आधार राहत नाही आणि तो खाचेबाहेर उसळून मोडतो.

खाचेत आणि पिव्हटवर पातळ तेलाचा लहानसा थेंब द्यावा. चक्र टोकांमध्ये बसवून किंचित मोकळीक ठेवावी; घट्ट आवळलेले चक्र फिरत नाही आणि सैल चक्र पुढेमागे आपटते. कप्पीची पिन आऱ्याला टेकली आहे का आणि चक्राची कड कुठे घासत नाही ना, हे धनुकली एकदा हळूच ओढून पाहावे. बॅलन्स असेल तर त्याची हेअरस्प्रिंग (केसासारखी बारीक वेटोळी स्प्रिंग) आधीच काढून वेगळ्या डबीत ठेवलेली असावी. दोरी घोड्याच्या केसाची किंवा बारीक नायलॉनची, कप्पीला एकच वेढा, आणि ताण इतकाच की वेढा घसरू नये.

आता डाव्या हाताने धनुकली आणि उजव्या हाताने बर्निशर. बर्निशर पिव्हटला आडवा, पूर्ण सपाट टेकवावा. त्याची कड खांद्याला हलकी भिडलेली असावी. दोन्ही हातांची चाल विरुद्ध ठेवावी : पिव्हटचा वरचा पृष्ठभाग आपल्याकडे येत असताना बर्निशर आपल्यापासून दूर जावा, आणि धनुकली उलटताच बर्निशर मागे यावा. दोरीचा वेढा कसा घेतला यावर फिरण्याची दिशा अवलंबून असते, म्हणून आधी रिकामी धनुकली चालवून दिशा पाहून घ्यावी. सुरुवातीला बर्निशर न टेकवता, केवळ दोन्ही हातांची लय बसेपर्यंत चाल करावी. धनुकलीची ओढ लांब आणि संथ असावी. दाब बर्निशरच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त द्यावा आणि तो तर्जनीने, पिव्हटच्या नेमका वर द्यावा. बर्निशर टोकाकडे झुकला तर पिव्हट निमुळता होतो आणि खांद्याकडे झुकला तर मुळाशी चरी पडते. ही चूक बर्निशर चालू असताना डोळ्यांना दिसत नाही, मापात दिसते.

दहा-बारा ओढींनंतर थांबावे. तेल काळपट झालेले असेल. ते पुसावे, पिव्हट गाभ्याने स्वच्छ करावा आणि पाहावे. सुरुवातीला उजेडाची रेषा तुटक दिसते. काम पुढे जाते तशी ती जोडत जाते. नवे तेल द्यावे, बर्निशरची न वापरलेली जागा घ्यावी आणि पुन्हा तेवढ्याच ओढी घ्याव्यात. उजेडाची एक अखंड, सरळ, बारीक रेषा खांद्यापासून टोकापर्यंत दिसली आणि तिच्या बाजूचा पोलाद काळाशार दिसू लागला की थांबावे. चांगल्या ओपाचे पोलाद बहुतेक कोनांतून काळे दिसते आणि एकाच कोनातून लखलखते. सगळीकडून पांढुरके चमकणारे पोलाद अजून खरबरीत असते. खांद्याची पायरीही तितकीच स्वच्छ हवी, कारण घड्याळ आडवे, म्हणजे चक्राचा आस उभा असताना तो खांदा माणकाच्या तोंडाशी घासतो.

टोकाचे काम

बर्निशर पोलाद दाबतो तेव्हा थोडे पोलाद टोकाकडे सरकते आणि तिथे अतिसूक्ष्म बर, म्हणजे धातूची बाहेर आलेली कड, तयार होते. ही बर तशीच राहिली तर पिव्हट कितीही सुरेख असला तरी घड्याळ बिघडते, आणि नवशिक्या पुष्कळदा याच जागी फसतो. जॅकॉटच्या दुसऱ्या ढोलावर पातळ पत्र्यात वेगवेगळ्या मापांची भोके असतात. योग्य भोकातून पिव्हटचे टोक किंचित बाहेर येऊ द्यावे आणि धनुकली चालवत बर्निशर टोकावरून मनगटाने हलकासा फिरवत न्यावा. गाडीच्या चक्राचे टोक हलके गोलसर चालते. बॅलन्सचे टोक मध्ये सपाट आणि फक्त कडा गोलावलेल्या असे असावे, कारण घड्याळ आडवे असताना सगळा बॅलन्स त्याच टोकाने खालच्या बाजूच्या बिनभोकाच्या माणकावर उभा असतो. टोक फार निमुळते गोल केले तर आडव्या स्थितीत घर्षण फारच कमी होते आणि आडव्या-उभ्या स्थितींतला फरक वाढतो. अगदी सपाट ठेवले तर कडा घासतात. दोन्ही पिव्हटांची टोके एकसारखी असणे सर्वांत महत्त्वाचे.

परत बसवताना

चक्र बेंझिनमध्ये पुन्हा धुवावे, दोन्ही पिव्हट गाभ्यात खुपसून पुसावेत आणि माणकाचे भोक टोकदार काडी फिरवून साफ करावे. लंडनमध्ये १७०४ साली निकोलस फातियो आणि दबोफ्र बंधूंना भोक पाडलेल्या माणकांचे पेटंट मिळाले आणि १९०२ च्या सुमारास ऑग्युस्त व्हर्नोय यांच्या पद्धतीने माणिक कृत्रिमरीत्या बनू लागले, म्हणून आज साध्या घड्याळातही सतरा माणके असतात. माणिक पोलादापेक्षा पुष्कळ कठीण असल्यामुळे भोकातली घाण शेवटी पिव्हटलाच खाते; भोक न पुसता ओप दिलेला पिव्हट आत घालणे म्हणजे केलेले काम वाया घालवणे.

तेल देण्यापूर्वी ते एकच चक्र प्लेटमध्ये बसवून ब्रिज (वरचे पिव्हट धरणारी पट्टी) आवळावा. चिमट्याने हलके ढकलल्यावर ते मोकळे फिरून हळूहळू थांबावे, आणि यंत्र उलटे केल्यावर चक्र स्वतःच्या वजनाने खाली सरकून बारीक टक् आवाज यावा. आवाज आला नाही तर बर राहिली आहे, पिव्हट भोकात अडतो आहे किंवा उभी मोकळीक उरलेली नाही. तेल मोबियस ९०१० सारखे पातळ, बॅलन्सच्या माणकात त्याच्या साधारण निम्म्या व्यासाचे वर्तुळ दिसेल एवढेच द्यावे.

पूर्ण घड्याळ जुळल्यावर चावी भरून टाइमग्राफरवर (ठोके ऐकून झोका मोजणाऱ्या यंत्रावर) तबकडी वर आणि तबकडी खाली अशा दोन आडव्या स्थितींत, आणि मग उभ्या स्थितींत, झोक्याचा कोन पाहावा. चांगल्या स्थितीतले बरेचसे घड्याळ चावी भरल्यावर २७० ते ३१० अंशांच्या आसपास झोका घेते. जुन्या यंत्रांत तो काहीसा कमी असतो. आकड्यापेक्षा स्थितींतला फरक महत्त्वाचा. तबकडी वर असताना झोका चांगला आणि खाली असताना तीस-चाळीस अंशांनी कमी असेल, तर तबकडी खाली असताना ज्या पिव्हटवर बॅलन्स उभा राहतो, म्हणजे तबकडीच्या बाजूचा, त्याचे टोक पुन्हा तपासावे. दोन्ही आडव्या स्थितींत सारखा आणि उभ्या स्थितींत फार कमी असेल, तर पिव्हटच्या बाजूकडे आणि भोकातल्या ढिलाईकडे पाहावे. दोन्हीकडे कमी असेल तर पिव्हटला पुन्हा बर्निशर लावण्याआधी मेनस्प्रिंग आणि गाडीची बाकीची चक्रे एकेक करून तपासावीत.